रुमालाखालचा भाव

हळदीच्या पेठेत एकदा एक वृद्ध अडत्या होता. सौद्याच्या वेळी रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून, तोंडानं न बोलता भाव सांगायचा, ही त्या पेठेची जुनी रीत. ती विद्या त्याला चांगली अवगत होती. त्याच्या हाताखाली शिकलेला एक शिष्य पुढे संगणकाकडे वळला आणि व्यापाऱ्यांना हवं तसं सॉफ्टवेअर करून देऊ लागला.

एके दुपारी तो दमून गुरूपाशी येऊन बसला.

"अण्णा, एका शेठजींना सॉफ्टवेअर करून दिलं. कुठल्या गोदामातली हळद कधी बाहेर काढावी, ते सांगणारं. आता त्यांच्या समोरचेच एक व्यापारी म्हणतात, तेच आम्हाला बसवून दे. दिलं तर माझी कचेरी टिकते, नाहीतर जागा सोडावी लागणार. कोड मी लिहिलाय. मग तो माझाच की!"

"आणि आतले आडाखे?"

"ते शेठजींचे. शेजारी बसवून एकेक सांगितले त्यांनी. पण लिहिले तर मीच ना?"

म्हाताऱ्यानं शिष्याचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि म्हणाला, "सकाळच्या सौद्यात एका गिऱ्हाइकानं मला काय भाव दिला, विचार."

"काय दिला?"

रुमालाखाली म्हाताऱ्याचा हात नुसता पडून राहिला. एक बोट हललं नाही. शिष्य वाट पाहून कंटाळला.

"अण्णा, डोळा लागला काय?"

"डोळा कसला लागतोय, लेका. हात माझा आहे. बोटांची विद्याही माझी. ती मी हव्या त्याच्या रुमालाखाली नेईन, कोणी अडवलं तर ऐकायचा नाही. पण सकाळी त्यानं या हातात दाबलेला भाव त्याचा. तो तुला दिला, तर उद्या माझ्या हातात हात कोण देईल?"

"आणि कचेरी गेली तर?"

"जाईलही. खोटा धीर कशाला देऊ?"

शिष्यानं तिथूनच त्या समोरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "शेठ, तेच नाही देता येणार. तुमचे आडाखे तुम्ही सांगा, मी नव्यानं लिहितो. वेळ लागेल."

"मग राहू दे," पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग शिष्य उठला.

"जागेच्या मालकाला आजच सांगतो, अण्णा. त्यालाही दुसरा भाडेकरू बघायला अवधी मिळेल."