चुकीच्या पायातला लाल दोरा

डोंगराखालच्या एका गावात एक बाई कोंबड्या पाळायची. घरात एकटीच होती. अंडी विकून तिचं मीठ-तेल निघायचं. एका वर्षी खुराड्यात मुंगूस शिरलं आणि त्याने सगळ्या कोंबड्या मारल्या. वाचली फक्त दोन पिलं, महिन्याभराची.

एक पिलू धीट. छाती काढून चालायचं, मांजरीच्या अंगावर धावून जायचं. दुसरं भित्रं. पान हललं तरी बाईच्या पदराखाली शिरायचं.

गावाची एक रीत होती. दर जत्रेला एका घराने डोंगरावरच्या देवाला तरणा कोंबडा सोडायचा. तो कापायचा नाही; त्याने तिथेच राहायचं आणि पहाटे बांग द्यायची. त्या वर्षी पाळी या बाईची होती. कोंबडा कोणता, ते गावातले एक जाणते आजोबा ठरवत. पिलं महिन्याची झाली की ते येत, त्यांची चाल बघत आणि कोंबड्याच्या पायात लाल दोरा बांधत. बांधलेला दोरा पुन्हा कुणी सोडत नसे.

आजोबा आले, उंबऱ्यावर टेकले. धीट पिलाने त्यांच्या काठीलाच चोच मारली.

“बघ, बघ! ही रग कोंबड्याचीच!” आजोबा हसले आणि त्यांनी त्याच्या पायात दोरा बांधून टाकला.

“आजोबा, इतक्या लहानपणी कसं कळतं हो?”

“चालीवरून. भांडतो तो कोंबडा, लपते ती कोंबडी. त्यात काय अवघड आहे, पोरी?”

दोन महिने गेले. भित्र्या पिलाचा तुरा मोठा आणि लालभडक झाला. पाय जाड झाले. मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार, चकाकती पिसं आली. धीट पिलाचा तुरा मात्र लहान आणि फिकटच राहिला. त्याची पिसं टोकाला गोल होती.

बाईच्या ध्यानात आलं. दोरा बांधलेली ही तर कोंबडी! ती डोंगरावर गेली तर मागे उरणार एक कोंबडा. मग अंडी कुठून यायची?

तिने शेजारणीला सांगितलं. शेजारीण म्हणाली, “गप बस गं. देवाच्या नावाचा दोरा आहे. आजोबांना खोटं पाडणार का तू?”

बाईने पुढे कुणाला सांगितलं नाही. पण जत्रेच्या सकाळी गाव डोंगराच्या पायथ्याशी आजोबांभोवती जमलं, तेव्हा ती दोन्ही पिलं घेऊनच आली.

“दुसरं कशाला आणलंस?” आजोबांनी विचारलं.

“आजोबा, दोरा चुकीच्या पायात आहे.”

सगळे तिच्याकडे वळले. मग कुणीतरी म्हणालं, “घ्या! आता ही देवाला शिकवणार!”

“देवाला कशाला शिकवू? एकदा पिसं बघा, एवढंच म्हणते.” तिने भित्रं पिलू आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

आजोबांनी त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. मग धीट पिलाच्या पाठीवरून फिरवली.

“चाळीस वर्षं दोरे बांधले,” ते म्हणाले, “पण बांधल्यावर परत येऊन एकदाही बघितलं नाही. म्हणूनच वर हल्ली बांग कमी ऐकू येते.”

“आणि अंडी जास्त सापडतात!” मागून देवळाचा गुरव ओरडला. “मी सांगत होतो, तर सगळं गाव म्हणे देवाचा चमत्कार!”

सगळं गाव खो खो हसलं. आजोबाही हसले. त्यांनी स्वतःच्या हाताने दोरा सोडला आणि भित्र्याच्या पायात बांधला. धीट कोंबडीने जाता जाता त्यांच्या बोटाला चोच मारलीच. बाईने कोंबडीला उचलून छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात बायका पिलांच्या टोपल्या घेऊन उभ्या. सर्वांत पुढे शेजारीण.

“सांग गं, यातला कोंबडा कोणता?”

“आत्ताच मलाही नाही सांगता यायचं,” बाई म्हणाली. “दोन महिने दाणे घाला. मग पिलंच सांगतील.”

तात्पर्य एवढंच: कुणाच्या वागण्यावरून तो कोण हे घाईने ठरवू नका, त्याला वाढू द्या, आणि ठरवलेलं चुकलं असेल, तर ते कितीही मोठ्या माणसाने ठरवलेलं असो, बोलून दाखवा.