कौतिकाची टाच

फार वर्षं झाली बाबांनो, तळ्याच्या पाळीवरची ही चिंचसुद्धा उगवली नव्हती, तेव्हाची गोष्ट. आपल्या ढिवरटोलीत कौतिका नावाची एकटी बाई होती. तिला उथळ पाण्यात मरळीची घरटी सापडत, तीही डोळ्यांनी नाही, पायांनी. मरळ गवत सारून परातीएवढी जागा करते, तिथं अंडी सोडते, आणि नर खाली राखणीला बसतो. तिथलं पाणी कौतिकाच्या पोटरीला कोमट लागे, असं म्हणतात. घरटं सापडलं की ती पळसाची फांदी रोवी. फांदीपाशी जाळं टाकायचं नाही, एवढंच.

एका साली अंडी फुटली, पिलं झाली, आणि पाऊस जो गेला तो गेलाच. तळं मागं सरकू लागलं. मोठी मासोळी गाळात दडली, जाळी रिकामी येऊ लागली. तेव्हा तिचा दीर फागू गळ घेऊन फांद्यांपाशी आला. राखणीचा नर जागा सोडत नाही, त्याला धरणं फार सोपं.

"सरा वहिनी. पोरं दोन दिवस आंबिलीवर आहेत."

"बाप दारात बसलाय म्हणून त्यालाच धरता, भाऊजी? मग तुम्हाला तर कोणीही धरेल. तुम्ही कुठं दारातून हलता."

बायका हसल्या. फागू हसला नाही. "आठ दिवसांत इथलं पाणी जाईल. तुमची फांदी राहील नि पिलं वाळतील. मग ती कोणाच्या कामाची?"

खरंच होतं ते. कौतिकानं पायानं पाणी चाचपलं. मग म्हणाली, "तेवढे आठ दिवस द्या. तोवर पोरांना कमळाचे कंद खणून घाला. पिलं खोल पाण्यात नेणं मला नाही जमलं, तर तुमच्या गळाला गांडूळ मी लावीन."

तिनं चिखलात टाच रोवली आणि घरट्यापासून खोल पाण्यापर्यंत ओढत नेली. एक चर झाला. मग दुसऱ्या घरट्याचा. टाच फुटली, तरी ओढतच राहिली. जिथं टाच पडे तिथं पाणी वर येई, असं म्हणतात. आणि त्या चरातून लाल पिलांचा थवा कुंकू सांडल्यासारखा निघे, मागं बाप.

अकरा घरटी झाली. बारावं सगळ्यांत लांब. आठव्या दिवशी अर्ध्या वाटेत चर कोरडा पडला. फागू कंदांची टोपली टाकून धावला. त्याला दिसलं ते एवढंच, की कौतिका चरात आडवी झाली, तिच्या अंगाखालून पाणी आलं, आणि पिलं तिच्यावरून निघून गेली. तो पोचला तेव्हा चर काठोकाठ भरला होता. बाई नव्हती. त्यानं गळ तिथंच मोडला, आणि तळं पुन्हा भरेपर्यंत बगळे हाकत बसला.

अजूनही मरळीची पिलं लालाची काळी होईस्तोवर टोलीत कोणी उथळात उतरत नाही. मग जाळी निघतात. पहिली मरळ, केवढीही असो, कितीही भूक असो, म्हातारं माणूस ती दोन्ही हातांत धरतं, पाण्याला टेकवतं आणि सोडताना सांगतं, "जा, कौतिकाला सांग. आम्ही थांबलो होतो."