एका पायावरची सुनावणी

फार जुन्या काळची भाद्रपद शुद्ध तृतीया. आभाळ भरलेले, पाऊस नव्हता. तळे बुजवून तिथे वसाहत करायचे बगळ्यांनी ठरवले आणि रहिवाशांना हरकती सांगायला बोलावले. नियम एकच: आमच्यासारखे एका पायावर उभे राहून बोलायचे.

बेडकी उभी राहायला गेली आणि कलंडली. "बगळेदादा, माझी पिल्लं अजून पाण्यातच श्वास घेतात हो!"

"पडून घेतलेली हरकत आम्ही धरत नाही," थोरला बगळा डोळे मिटून म्हणाला.

"मला दहा पाय," खेकडा म्हणाला. "उरलेले नऊ उचलून धरायला तुमचा बाप येणार का?"

एकही हरकत आली नाही, असे बगळ्यांनी जाहीर केले.

तळे बुजले. पिल्ले मेली. वसाहतीला 'तळेदर्शन' नाव दिले. बगळे आता मासे खायला शेजारच्या गावी जातात.