चढून न आलेल्यांची साक्ष

"जो स्वतःच्या पायांनी डोंगर चढून येईल, त्याचीच साक्ष लिहायची. आणि याला 'का' विचारायचं नाही."

अंबू मठात आली त्याच दिवशी तिला हा नियम सांगितला होता. आज ती भर बैठकीत उठली.

"पण का?"

 उत्तर दिलं ते मठाचे गुरू सोमगिरीबाबा यांच्या थोरल्या शिष्याने, धोंडगीरांनी.

"ऐकीव नको म्हणून. नाहीतर कुणीही उठेल आणि सांगेल, माझ्या मावशीला असं झालं, आत्याला तसं झालं. त्यावर औषध ठरवायचं?"

बाकीचे थोरले हसले.

निवाडा हिवतापावरच्या काढ्याचा होता. डोंगराडोंगरांवरच्या मठांतून साक्षी गोळा झाल्या होत्या. ज्यांनी काढा घेतला, ते वर येऊन आपल्या तोंडाने सांगून गेले होते. सगळ्या साक्षी एकत्र वाचून झाल्या. सगळे बरे झालेले! आता प्रत्येक शिष्याने निवाड्यावर होकाराचं बेलाचं पान ठेवलं, की उद्यापासून गावोगाव हाच काढा.

बाकी सगळ्यांनी पानं ठेवली. अंबूचं पान मुठीतच होतं. नजर खालच्या वाटेवर.

"साक्षीचा दिवस आला की ही वाटेकडे बघत बसते," दुसरे थोरले शिष्य केदारगीर म्हणाले. "कुणाची वरात यायची आहे का गं?"

"अक्का यायची आहे."

"कोण अक्का?"

"माझी थोरली बहीण. काढा घेतला होता तिने."

"मग येऊ दे की. तिचीही लिहू."

"काढा घेतला आणि गेली ती."

...

ती येणार नाही, हे अंबूला ठाऊक होतं. तरी वळणावर हिरवं लुगडं दिसलं की अजून ती उठून उभी राहायची. अक्का तशीच यायची. मध्येच बसून, पायातला काटा काढत, खालूनच हाका मारत.

"मग ती साक्ष होत नाही, पोरी." धोंडगीर जरा मऊ झाले. "तू सांगशील ते ऐकीवच."

"ऐकीव? वाटी मी धरली होती तिच्या तोंडाशी!"

"तिने स्वतः येऊन सांगायला हवं."

"मेलेल्या माणसाने डोंगर चढायचा?"

केदारगीर बाबांकडे वळले. "बाबा, तुम्हीच समजवा हिला. पान ठेवायचं नसेल तर मठ सोडावा लागतो."

बाबांनी अंबूकडे पाहिलं.

"साक्षीदाराला बोलावलंस का?"

 अंबू अंगण ओलांडून कड्यापाशी गेली.

"अक्काऽऽ! वर ये गंऽऽ!"

हाक दरीत उतरली. समोरच्या डोंगरावर आपटून परत आली. मग तीही विरली. हसणारेसुद्धा नकळत कान देऊन बसले होते.

वाट रिकामी...

अंबू परत आली. डोळे पुसायचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

"ऐकलंत? ही तिची साक्ष. आधी ही लिहा."

"आणि पान?" धोंडगीरांनी विचारलं.

"नाही ठेवणार. मठ सोडते हवं तर. पण पान नाही ठेवणार."

  कुणी मान वर केली नाही.

बाबा वाटेकडे बघत होते.

"थांबलीस का? काढा घेऊन जे वर आलेच नाहीत, त्या बाकीच्यांनाही हाक मार."