हेडफोनमधला तंबोरा

“एकट्या माणसाला दोन्ही कशाला हवेत, मास्तर? एक तर हेडफोन ठेवा, नाहीतर स्पीकर.”

धुंडिराज मास्तरांनी सुपारीचे खांड या गालातून त्या गालात सरकवले.

“हेडफोन माझ्यासाठी.”

“आणि स्पीकर?”

“घरासाठी. त्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही…”

सुव्रत हसला. मास्तर हसले नाहीत.

मास्तरांनी चौतीस वर्षे नभोवाणीवर ध्वनिमुद्रण केले होते. निवृत्तीनंतर ते कृष्णाकाठच्या या लहानशा गावी येऊन राहिले आणि पत्नी गेल्यापासून एकटेच होते. सुव्रत त्यांचा शेवटचा शिष्य. सांगलीत त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला, नाव मिळवले. जुनी ध्वनिमुद्रणे स्वच्छ करावीत तर त्यानेच, असे लोक म्हणू लागले, आणि त्यालाही ते पटू लागले. मास्तरांनी संगणक घेतला, ‘आवाजाचे लावून दे’ असा निरोप धाडला, म्हणून तो आला होता. निदान कारण तरी तो तेवढेच सांगत होता.

त्याने पट्टीने अंतर मोजले. दोन स्पीकर एकमेकांपासून चार फुटांवर, आणि दोघांपासून नेमकी चार फुटांवर खुर्ची.

“इथेच बसायचं. वीतभर इकडे-तिकडे झालात, तर गाणं एका अंगाला कलेल.”

“म्हणजे नीट ऐकण्याची जागा एकाचीच?”

“एकाचीच.”

मास्तर खुर्ची सोडून भिंतीशी सतरंजीवर जाऊन बसले.

सुव्रतने संगणकाला एक छोटी पेटी जोडली. तिच्यातून एक तार स्पीकरांकडे गेली, दुसरी हेडफोनकडे.

“हेडफोनची पिन खोचली की स्पीकर आपोआप गप्प होतील. काढली की पुन्हा बोलू लागतील.”

“गप्प नको करूस. दोन्ही एकदम वाजू देत.”

“दोन्ही एकदम कुणी ऐकत नाही, मास्तर.”

“तुला काय त्रास आहे? वाजू देत.”

म्हाताऱ्याचा हट्ट, असे मनाशी म्हणत सुव्रतने तशी जोडणी केली. मग थोडा वेळ उगाच तारा चाचपत राहिला. शेवटी खिशातून एक पोस्टकार्ड काढून त्याने मास्तरांपुढे धरले.

कार्ड गायिका भामिनीबाईंचे होते. बाईंची दृष्टी गेली होती, गळा तर त्याआधीच गेला होता. अक्षर घरी येणाऱ्या परिचारिकेचे होते. सहा वर्षांपूर्वीची शेवटची मैफल एकदा नीट ऐकायला मिळावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. सुव्रतने पाच महिने खपून ती मैफल स्वच्छ केली आणि पाठवली. त्यावर हे उत्तर आले होते.

‘चि. सुव्रत, गाणे आरशासारखे लख्ख झाले आहे. पण मला एकटीला का रे बसवलेस?’

मास्तरांनी कार्ड दोनदा वाचले.

“काय चुकलं तेवढं सांगा,” सुव्रत म्हणाला. “डॉक्टर म्हणतात, बाई दिवाळी पाहतील असं नाही. आणि याहून चांगलं मला येत नाही, मास्तर… खरंच येत नाही.”

“कशावर ऐकून केलंस?”

“हेडफोनवर. रस्ता नाही, माणसं नाहीत, कुणाची हाक नाही. बरं वाटतं.”

“बरं वाटतं…” मास्तर म्हणाले. “लाव.”

सुव्रत मोजलेल्या खुर्चीत बसला, हेडफोन चढवले, डोळे मिटले. राग मुलतानी सुरू झाला. बाईंचा स्वर थेट त्याच्या कपाळाच्या मध्यात उभा राहिला. मागे तंबोरा, रेशमाच्या पडद्यासारखा. कुठे खरखर नाही, कुठे डाग नाही. त्याच्या ओठांवर नकळत समाधान उमटले.

मास्तर केव्हा उठले, ते त्याला कळले नाही. त्यांनी मागून येऊन दोन बोटांनी त्याच्या डाव्या कानावरचा हेडफोन अलगद उचलला.

उजव्या कानात बाई होत्या आणि तंबोरा होता.

डाव्या कानात खोली होती. कौले होती, परसातला कावळा होता, पंख्याची कुरकुर होती. त्या सगळ्यांत बाई गात होत्या. मागे कुणीही नव्हते.

सुव्रत चपापला. स्पीकरची तार निसटली असेल म्हणून उठू लागला. मास्तरांनी त्याचा खांदा दाबला.

“तार ठीक आहे.”

तो पुन्हा ऐकू लागला. उजव्या कानात दोघे… डाव्या कानात एक…

त्याचा चेहरा उतरला. कानाला चिकटून जो बारीक स्वर पुरतो, तो खोलीच्या हवेत बुडतो. हा या विद्येतला पहिला धडा. त्याने स्वतः तो डझनभर विद्यार्थ्यांना दिला होता.

“बाईंचा स्वर उठून दिसावा म्हणून मीच तंबोरा मागे सारला,” तो म्हणाला.

“तंबोऱ्यावर कोण होतं?”

“असेल कुणी शिष्या. कागदावर नाव नव्हतं.”

“तू विचारलंस?”

सुव्रतने नकारार्थी मान हलवली.

“इंदूताई. तीस वर्षं बाईंच्या मागे बसली. गेल्या माघात गेली.” मास्तर सतरंजीवर परतले. “ध्वनिमुद्रणाआधी मी पहिला नमस्कार तंबोऱ्यावरच्या माणसाला करत असे. गवई रागवायचे.”

“त्यांनाच का?”

“गवयाला श्रोते असतात…”

मग सुव्रतने मान झटकली. त्याच्यातला कसबी माणूस पुन्हा जागा झाला.

“तंबोरा चार डेसिबल वाढवतो. पाच मिनिटांचं काम आहे. घरी गेलो की लगेच पाठवून देतो.”

“पाठवून?”

“म्हणजे… माझा माणूस आहे ना, तो नेऊन देईल. मागच्या खेपेलाही त्यानेच दिलं.”

“बाईंचं घर तुझ्या स्टुडिओपासून किती लांब?”

“चालत दहा मिनिटं.”

मास्तरांनी पोस्टकार्ड उचलून पुन्हा वाचले.

“पाच महिने सवडच झाली नाही…”

गाणे चालूच होते. बाई समेवर आल्या आणि खोलीत कुणाचीही मान हलली नाही.

“चार डेसिबल,” मास्तर अखेरीस म्हणाले, “हा आकडा कुठल्या खोलीत बसून काढलास?”

सुव्रतने त्या नेमक्या जागी ठेवलेल्या खुर्चीकडे पाहिले. बाईंची खोली त्याने पाहिली नव्हती. तिथे स्पीकर कसला आहे, खाटेपासून किती अंतरावर आहे, खिडकी उघडी असते की बंद, काहीच त्याला ठाऊक नव्हते.

त्याने हेडफोन काढून ठेवले. कान मोकळे झाले तरी त्याला कसेसेच वाटत राहिले. आपण शेवटचे कुणाच्या घरी जाऊन बसलो, ते त्याला आठवेना.

मग त्याने पिशवी आवरली, मास्तरांच्या पायांना हात लावला. दारात चपला घालता घालता तो थांबला.

“उद्या सकाळी जातो बाईंकडे. तिथेच बसून लावतो.”

“बरं.”

“पण अंदाज तरी द्या, मास्तर. तंबोरा नेमका किती ठेवू?”

मास्तर खिडकीबाहेर पाहत होते.

“तू त्यांच्यापाशी थांबशील तितका.”