बोरीच्या माळावरचे बेणे

पूर्वी अश्मक देशात, गोदेकाठच्या पोतन नगरात एक राजा राज्य करीत असताना (नाव लक्षात राहावे असे त्याने काही केले नाही, म्हणून नाव राहू द्या), बोधिसत्त्व लाखेच्या व्यापाऱ्यांच्या सभेत उभा होता आणि सभेचा मुख्य पुष्कर त्याच्यावर ओरडत होता.

"नऊ दिवस! नऊ दिवस थांबा म्हणतोस! राजकन्येचं लग्न तुझे किडे जन्माला येईपर्यंत खोळंबून राहणार काय?"

"किडे माझे नाहीत, दादा," बोधिसत्त्व म्हणाला. "आपली सात घरं त्यांच्यावर जगतात, एवढंच."

"ऐका हो! आता किड्यांचे उपकार माना. उद्या म्हणेल, त्यांच्या पाया पडा."

"पाय सापडले तर पडू," कोपऱ्यातून म्हातारा वप्पक म्हणाला, आणि सगळी सभा खो खो हसली. बोधिसत्त्वही थोडा हसला. हसून झाल्यावर तो पुन्हा म्हणाला, "नऊ दिवस."

भांडण कशाचे ते आधी समजून घ्या. लाख म्हणजे झाडाचा डिंक नव्हे. खसखशीहून बारीक किडे बोरीच्या कोवळ्या फांदीला चिकटतात, रस पितात आणि आपल्या अंगाभोवती लाखेचे घर बांधतात. त्या घरात मादी पिलांनी भरते. पिले बाहेर पडून नव्या फांदीवर गेली की मागे रिकामे घर राहते. ते खरवडले तरी लाख मिळते. बांगड्यांना, मुद्रांना, कोयत्याची मूठ बसवायला ती उत्तम. पण लग्नात पायाला लावायच्या अळित्याचा गडद लाल रंग असतो तो भरल्या घरात, पिलांसकट.

म्हणून पोतनच्या लाखाऱ्यांची रीत अशी, की पिले बाहेर पडायच्या आठदहा दिवस आधी फांद्या तोडायच्या. आणि जुन्या माणसांची दुसरी रीत अशी, की प्रत्येक झाडाची एक फांदी बेण्याला, म्हणजे पुढच्या पिलांसाठी, सोडायची. पहिली रीत टिकली. दुसरी कधी गेली ते कुणालाच सांगता येत नव्हते, कारण ती मोडताना ज्याला त्याला वाटले, आपल्या एकट्याने काय बिघडते.

अशी तीन राने गेली. झाडे हिरवीगार उभी, पण फांदीवर लाखेचा ठिपका नाही. उरला होता एक माळ, नगरापासून दोन कोसांवर, कुरंगी म्हातारीच्या पाड्यामागे. सात घरांचे त्यात सात वाटे होते. तिथले बेणे गेले तर अश्मक देशात लाख संपली. हे सातही घरांना तोंडपाठ होते. माहीत नसण्याचे पाप त्यांच्यापैकी कुणाच्या माथी मारता येणार नाही.

बोधिसत्त्वाचा जन्म त्या सात घरांतल्या सातव्या घरी झाला होता. पिले बाहेर पडेपर्यंत या माळावर कुणीच तोडू नये, यासाठी तीन वर्षे तो इतर सहा घरांचे उंबरठे झिजवीत होता. "नुसतं नाही म्हणू नका," तो म्हणे. "काय अडतं ते सांगा. ते मी काढतो."

रंग अडतो, म्हणाले. पिले निघून गेलेल्या लाखेला महालात कोण विचारतो? तो रंगाऱ्यांच्या चुलीपाशी जाऊन बसला. किती मडकी नासली, त्याचे हात कोपरापर्यंत डागाळले. शेवटी लोध्राची साल घालून फिक्या लाखेतून गडद लाल काढला. राणीच्या दासीने तो राणीच्या पायाला लावला आणि राणीला फरक कळला नाही.

पाड्यातली माणसे अडतात, म्हणाले. तोड लांबली तर ती खातील काय? फार कळवळा आला होता त्यांना पाड्याचा, जन्मात पहिल्यांदाच! बोधिसत्त्वाने आपली कणगी उघडली आणि धान्य पाड्यावर पोचते केले.

बेणे बांधायला येते कुणाला, म्हणाले. खरेच कुणाला येत नव्हते. तो कुरंगीच्या पाड्यावर महिनाभर राहिला. भरल्या काडीचा वीतभर तुकडा नव्या फांदीला कसा बांधायचा, कुठल्या अंगाने, किती घट्ट, हे तिने त्याला शिकवले. तो दोनदा बोरीवरून पडला. "वाण्याच्या पोरा, काटे मोजायला चढलास का?" असे ती म्हणायची, आणि खाली पडला की तिसऱ्यांदा चढवायची. परत येऊन त्याने साही घरांच्या माणसांना ती विद्या फुकट शिकवली.

मी सोडले आणि शेजाऱ्याने तोडले तर, म्हणाले. "मग मी आधी सोडतो," तो म्हणाला. "एक फांदी नाही, माझा सगळा वाटा."

आता सांगा, काय राहिले? काही राहिले नाही. आणि तिथेच घोडे अडले. अडचण हे माणसाचे पांघरूण असते. बोधिसत्त्वाने एकेक पांघरूण काढले, आणि उघडी पडलेली माणसे चिडतात तशी ती चिडली.

"लोध्राची साल उद्या मिळाली नाही तर?" पुष्करने विचारले.

"तीन पोती माझ्या ओसरीवर आहेत."

"तिला भुंगा लागला तर?"

"पुष्करदादा, भुंगा लागायला नऊ दिवस पुरत नाहीत."

"तुला बरं ठाऊक! तू काय भुंग्यांचाही वकील?"

पुन्हा हशा. मग दुसरा उठला, त्याने वाड्यावरच्या शकुनाचे काढले. तिसऱ्याने बापजाद्यांचे काढले. चौथ्याला मध्येच पाणी हवे झाले. वप्पक म्हाताऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका सभेची सगळी हकीकत सांगितली, तिचा या कशाशीही संबंध नव्हता, आणि विशेष म्हणजे कुणीही त्याला आवरले नाही. सकाळी सुरू झालेली सभा उन्हे कलली तरी चालू होती. एरवी जेवणाची वेळ टळली की हेच लोक एकमेकांना खायला उठायचे. आज कुणाला भूक नव्हती. प्रत्येकाला बोलायचे होते, आणि दुसऱ्याने अजून बोलावे असेही वाटत होते.

बोधिसत्त्वाला वाटले, इतका वेळ बोलतात म्हणजे मनात हलले आहेत. भला माणूस असाच फसतो.

कुरंगी दुपारी येऊन सभेच्या उंबऱ्यावर बसली होती. धापा टाकीत आली होती, पाय धुळीने माखले होते. पण त्या सभेचा दंडक असा, की रानातल्या माणसाने विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. मागे एक बाई न विचारता बोलली, तर सबंध पाड्याला एक हंगाम तोडीच्या कामाची बंदी झाली होती. त्या हंगामात पाड्यावरची दोन तान्ही मुले गेली. म्हणून कुरंगी गप्प बसली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. धान्य मागायला आली असेल, असे सहा घरांना वाटले. बोधिसत्त्वाने तिला पाहून हात जोडले, आणि तो पुन्हा लोध्राच्या सालीकडे वळला. त्यानेही विचारले नाही. कथा बोधिसत्त्वाची आहे म्हणून हे झाकायचे कारण नाही.

इथवर सांगून शास्ता, भिक्षूंचे गुरू, थांबले.

समोर विहारात सहा व्यापारी बसले होते. दान घेऊन आले होते, आणि दानाबरोबर गाऱ्हाणेही. "भन्ते, पाण्याला, रानाला, जिवांना न ओरबाडता धंदा करावा अशी आमची फार इच्छा आहे. पण अडचणी फार." यावरूनच शास्त्यांना ती जुनी गोष्ट आठवली होती.

"त्या वेळचा वप्पक," शास्ता म्हणाले, "तो आता या विहाराचा द्वारपाल आहे, आणि अजूनही पंचवीस वर्षांपूर्वीचेच सांगतो. राणीची दासी ती उपासिका विशल्या. कुरंगी म्हणजे मागच्या रांगेत बसलेली वृद्ध भिक्षुणी, थेरी सोणदिन्ना. सातव्या घरचा लाखारी तो मी. पुष्कराचे नाव मी घेत नाही. तो इथेच बसला आहे आणि त्याने खाली पाहिले आहे."

साही व्यापाऱ्यांनी खाली पाहिले होते.

"त्या जन्मात मी वीर्यपारमी, म्हणजे वीर्याची पूर्णता, वाढवली. वीर्य म्हणजे न थकता केलेली खटपट. ती मी पुष्कळ केली, आणि ती वाया गेली असे मी म्हणत नाही. पण प्रज्ञा उणी पडली. ज्याला ठाऊक आहे त्याला वेळेवर विचारणे, ही प्रज्ञा. ती यायला मला पुढे अनेक जन्म लागले."

"पण भन्ते," एका व्यापाऱ्याने मान वर न करता विचारले, "ते भांडण मिटले कसे?"

शास्ता म्हणाले, "उन्हे उतरल्यावर मी उंबऱ्याकडे वळलो. 'आजी,' मी म्हणालो, 'तूच सांग यांना, नऊ दिवसांत पिले बाहेर पडतील ना?' कुरंगी उठली. तिने एकदा पुष्करकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली:

'पोरा, तू यांना इथं समजावत बसलास, आणि यांतल्या प्रत्येकानं बाकीचे सभेत अडकलेत असं समजून आपापली माणसं पहाटेच माळावर धाडली, साही घरांचे कोयते एकमेकांकडे न बघता चालतायत, तुझा वाटाही त्यांनी सोडला नाही, आणि मी दुपारी या उंबऱ्यावर येऊन बसले तेव्हा निम्मा माळ उभा होता.'"