घागरींचा रविवार

समोर दिसते ती घागरटेकडी. कागदोपत्री तिचं नाव काही वेगळंच आहे, पण ते आमच्या करंजदऱ्यात कुणालाच सांगता येणार नाही. चैत्राचं ऊन आहे, आजूबाजूचे माळ भाजून निघालेत, आणि ही एकटी हिरवी. इथे येणारे पाहुणे दोन गोष्टी हमखास विचारतात. ही हिरवी कशी? आणि झावळ्यांच्या रविवारी सगळीकडचे ख्रिस्ती लोक हातात फांद्या घेऊन मिरवणूक काढतात, तर या गावातली माणसं डोक्यावर घागरी घेऊन टेकडी का चढतात? दोन्हींची कथा एकच. बसा कट्ट्यावर, सांगतो.

माझ्या पणजोबांच्या वेळची गोष्ट. गावात तेव्हाही हीच तीन मंदिरं होती; आमच्याकडे चर्चला मंदिरच म्हणतात. मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं, कॅथलिकांचं आणि मुक्तीफौजेचा, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचा, हॉल. विहीर मात्र सगळ्यांना मिळून एकच. तरीही तिघांची तोंडं तीन दिशांना. एकमेकांच्या मंदिराची पायरी चढायची नाही, असा अलिखित नियमच होता. मी मिशनचा, म्हणून आमचंच आधी सांगून टाकतो. सगळ्यात मोठा तोरा आमच्या लोकांचा होता म्हणे.

हा तोरा दिसायचा झावळ्यांच्या रविवारी. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झाडांच्या डहाळ्या घेऊन, 'होसान्ना' असा जयघोष करत त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण म्हणून ही मिरवणूक. टेकडीवर तेव्हा शिंदीचं बन होतं, करंज होते, निंब होते. कुणाची मिरवणूक जास्त हिरवी, यावरून चढाओढ लागली. एका वर्षी कॅथलिकांनी गाडीभर फांद्या आणल्या. पुढच्या वर्षी मिशनने तीन गाड्या आणल्या. त्याच्या पुढच्या वर्षी फौजेने अख्खी झाडं तोडून रस्त्याच्या दुतर्फा उभी केली. दहा-बारा वर्षांत टेकडी बोडकी झाली. माती वाहून गेली, पायथ्याचा झरा आटला, विहिरीचा तळ दिसू लागला. बाया दोन मैलांवरच्या नदीत वाळू उकरून पाणी आणू लागल्या.

आणि एका वर्षी झावळ्यांच्या रविवारी टेकडीवर एकच शिंदी उरली. अगदी माथ्यावर.

असं सांगतात, की त्या सकाळी तिन्ही मंडळ्या तीन बाजूंनी कोयते घेऊन वर धावल्या. माथ्यावर पोचून बघतात, तर शिंदीच्या बुंध्याला पाठ टेकून रिबकाबाई मकासरे बसलेली. साठीची विधवा. माहेर मिशनचं, सासर कॅथलिकांचं, आणि एकुलती एक लेक दिलेली मुक्तीफौजेत. तिला हटकणार कोण? तिन्हीकडची ती कुणाची ना कुणाची आत्याच लागत होती.

"आत्या, बाजूला व्हा," आमचे पाळक अमृतराव भिंगारदिवे म्हणाले. "आज सणाचा दिवस आहे."

"पाळकसाहेब, मला एक सांगा," ती म्हणाली. "आपला प्रभू गाढवावर बसून आला होता ना?"

"हो."

"मग आज करंजदऱ्यात आला, तर ते गाढव बांधायला सावली कुठंय? आन् त्या मुक्या जनावराला पाणी कुठलं पाजाल?"

कुणीतरी हसलं. मग तिन्ही मंडळ्यांनी मान वळवून खाली पाहिलं. सबंध उतारावर नुसते दगड तापत होते.

तेव्हा ती नवस बोलली. "पायथ्याचा झरा वाहीपर्यंत मी कुठल्याच मंदिराची पायरी चढणार न्हाई. माझी उपासना इथंच, या झाडाखाली." जी बाई एक रविवार चुकवत नसे, तिच्या तोंडून हे ऐकून कॅथलिकांचे फादर रडवेले झाले, असं सांगतात. या वयात ती मंदिराविना गेली तर? पण शब्द बाहेर पडला होता. त्या वर्षी फांदी तुटली नाही.

लोक शरमले. पावसाळ्यात तिन्ही मंडळ्यांनी रोपं लावली, पण तीही आपापली. चुन्याच्या दगडांच्या रेघा मारून टेकडीचे तीन वाटे केले. ज्याने त्याने आपल्याच वाट्याला पाणी घालायचं. दुसऱ्याच्या वाट्यात शेळी शिरली, तर बघूनही हाकलायची नाही. वर्षाअखेर सहाशे रोपांतली चाळीससुद्धा जगली नाहीत. ज्याने त्याने दोष दुसऱ्याच्या शेळ्यांना दिला.

रिबकाबाई मात्र रोज घागर घेऊन चढायची आणि वाटेत लागेल त्या रोपाला पाणी घालायची. एकदा फादरनी तिला थांबवलं. "बाई, हा वाटा आपला नाही. ही फौजेची रोपं."

ती म्हणाली, "फादर, झऱ्याला कुठं कळतंय, कुणाच्या मुळ्या हायेत त्या? आपण आपलंच जपतो, म्हणून दुसऱ्याचं मेलं तरी चालतं. माझं झाड तुमच्या हवाली करा, तुमचं माझ्याकडं द्या. मग बघू कोण मरू देतंय."

फादर त्याच पावली खाली गेले आणि थेट आमच्या पाळकांच्या दारात उभे राहिले. करंजदऱ्यात असं कधी घडलं नव्हतं. दोघं मिळून फौजेच्या कॅप्टनकडे, म्हणजे त्यांच्या पाळकांकडे, गेले. दुसऱ्या दिवशी तिघांनी आपल्या हातांनी चुन्याचे दगड उचलून फेकले. नियम ठरला. मिशनच्या रोपांना कॅथलिकांनी जगवायचं, कॅथलिकांच्या रोपांना फौजेने, फौजेच्या रोपांना मिशनने. आणि रोप मेलं, तर ते ज्या घराकडे सोपवलं होतं त्या घराच्या कारभाऱ्याने ज्याचं रोप त्याच्या मंदिरात जायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, "तुमचं झाड माझ्या हातून गेलं."

झालं! जो तोरा टेकडी खाऊन बसला होता, तोच आता कामाला जुंपला गेला. दुसऱ्याच्या मंदिरात मान खाली घालून उभं राहायला कोण तयार होणार? माणसं नदीवरून कावडीने पाणी वाहू लागली. माती अडवायला उतारावर दगडांच्या ताली घातल्या. शेळ्या घरी बांधून चारल्या. आणि झावळ्यांच्या रविवारी फांदीऐवजी घरटी एक घागर टेकडीवर जाऊ लागली.

अशी सात वर्षं गेली. सातव्या वर्षी रिबकाबाईला चालवेना. तिन्हीकडच्या गड्यांनी तिला बाजेवर बसवून मिरवणुकीच्या पुढे काढलं. पायथ्याशी आल्यावर पुढचा गडी घसरला. शिव्या द्यायला त्याने तोंड उघडलं आणि तसाच थांबला. पायाखाली चिखल होता. भर उन्हाळ्यात चिखल! बायकांनी हातांनीच पाला सारला, दोन धोंडे ओढले, आणि खालून पाणी आलं. आधी गढूळ, मग असं स्वच्छ, की त्यात माणसाचं तोंड दिसावं.

"होसान्ना!" कुणी पहिल्यांदा ओरडलं ते माहीत नाही. तिन्ही मंडळ्या आपलंच नाव सांगतात. फौजेचे डफ कडाडले, माणसं धावत जाऊन मिशनच्या आणि कॅथलिकांच्या मंदिरांच्या घंटा बडवू लागली, आणि लोक त्या पाण्यात लहान पोरांसारखे नाचले.

मग सगळे बाजेकडे वळले. नवस फिटला होता. आता रिबकाबाई पहिली पायरी कुठल्या मंदिराची चढणार?

ती बाजेवरून उतरली. झऱ्याची ओंजळ तोंडाला लावली आणि म्हणाली, "जे जवळ आसंल तिथून सुरू करू. तिन्हीकडं जायचंय. आन् मी एकटी जाणार न्हाई."

लेकीच्या खांद्यावर हात ठेवून ती निघाली आणि सबंध गाव तिच्या मागे. हॉल, मग मिशन, मग कॅथलिकांचं मंदिर. शेजारच्या मंदिराला आतून किती खिडक्या आहेत, हे कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

झरा आजही वाहतो. आजही गावात बाप्तिस्मा झाला, की बाळाच्या नावाचं रोप दुसऱ्या मंडळीच्या घरी जगवायला जातं. अलीकडे शेजारच्या वाडीतले इतर धर्मांचे लोकही रोपं आणून देतात, आणि आमची घेऊन जातात. मेलेल्या झाडाचा कबुलीजबाब द्यायचा नियमही तसाच आहे. दरवर्षी घागरींच्या रविवारी तिन्ही मंदिरांत विचारतात, "कुणाला उभं राहायचं आहे का?"

मधे दोन दुष्काळ येऊन गेले. गेल्या चोवीस वर्षांत कुणीही उभं राहिलेलं नाही.